संप्लवन आणि उदात्तीकरण : एका रूपकाचा इतिहास

चंदीगढ शहराच्या सेक्टर ३२ मध्ये दोन शिक्षणसंस्था एकमेकींपासून फार दूर नाहीत. एक म्हणजे १९९१ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आणि दुसरी गोस्वामी गणेश दत्त सनातन धर्म महाविद्यालय. एकीकडे मनोविकारशास्त्राचा विभाग आहे, तर दुसरीकडे रसायनाची प्रयोगशाळा. ‘सब्लिमेशन’ हा एकच इंग्रजी शब्द या दोन्ही ठिकाणी शिकवला जातो आणि दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ निराळा असतो. रसायनाच्या विद्यार्थ्याला त्यातून घनरूप पदार्थाचे द्रवरूप न होता थेट बाष्प होणे अभिप्रेत असते, तर मनोविकारशास्त्राच्या विद्यार्थ्याला आदिम वासनेचे कला, विद्या किंवा सेवा अशा समाजमान्य कार्यात होणारे रूपांतर. एका शब्दाने इतके अंतर कसे ओलांडले आणि भारतीय भाषांत येताना त्याचे दोन तुकडे का झाले, हा प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. त्या प्रवासात माणसाच्या देहाविषयीच्या आणि इच्छेविषयीच्या कितीतरी समजुती गुंतलेल्या आहेत आणि काही पिढ्यांनी त्यांची किंमतही मोजली आहे.

परिभाषेचा घोळ तर पहिल्याच पायरीवर दिसतो. हिंदी माध्यमातील विद्यार्थी घनाच्या थेट बाष्पीभवनाला ‘ऊर्ध्वपातन’ म्हणतो. मराठी विद्यार्थ्याला मात्र ‘ऊर्ध्वपातन’ म्हटले की द्रव उकळून, त्याची वाफ थंड करून शुद्ध द्रव मिळवणे आठवते. हिंदीत त्यालाच ‘आसवन’ म्हणतात. घनाच्या बाष्पीभवनासाठी मराठीने ‘संप्लवन’ हा शब्द घेतला. संस्कृतात ‘संप्लव’ म्हणजे पूर, जलप्रलय. जी क्रिया पाण्याचा टप्पा गाळून होते तिला पाण्याच्या लोंढ्याचे नाव मिळावे, हा परिभाषेतील एक मौजेचा अपघात होय. मानसशास्त्रातील अर्थासाठी मात्र मराठीने ‘उदात्तीकरण’ हा अगदी वेगळ्या कुळातील शब्द योजला.

संप्लवनाची ओळख मराठी घरांना प्रयोगशाळेच्या फार आधीपासून आहे. देवघरातील कापराच्या डबीत मिरी टाकून ठेवण्याची चाल जुनी आहे. तसे केले नाही तर कापूर ‘उडून जातो’ असे म्हणतात. पैठणीच्या ट्रंकेत ठेवलेल्या डांबरगोळ्या वर्षभरात हरभऱ्याएवढ्या होतात, तेही याच कारणाने. घन पदार्थाच्या पृष्ठभागावरील रेणू सतत निसटत असतात. काही पदार्थांत त्यांचा बाष्पदाब एवढा असतो की द्रव होण्याची वाट न पाहता पदार्थ हवेत विरू लागतो. घनरूप कार्बन डाय-ऑक्साइडचे उदाहरण याहून ठळक आहे. वातावरणाच्या ५.१ पट दाब असल्याखेरीज तो द्रवरूपात राहूच शकत नाही, म्हणून नेहमीच्या दाबाखाली उणे ७८.५ अंश सेल्सिअसला तो थेट वायू होतो. आयोडीनविषयी मात्र एक गैरसमज पाठ्यपुस्तकांतून फार काळ टिकून राहिला. आयोडीन वितळतच नाही हे खरे नव्हे. सुमारे ११४ अंशांना ते वितळते, परंतु त्याआधीच त्याची जांभळी वाफ इतकी उठते की पाहणाऱ्याला मधला टप्पा जाणवत नाही.

या क्रियेची दोन लक्षणे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवली पाहिजेत. पहिले असे की, वर गेलेला आणि थंड पृष्ठभागावर पुन्हा जमलेला पदार्थ मूळचाच असतो. आयोडीनचे आयोडीनच राहते, फक्त त्यातील मळ तळाशी उरतो. दुसरे लक्षण सहसा दुर्लक्षिले जाते. वाफेला जमण्यासाठी थंड जागा लागते. झाकण नसेल तर स्फटिक मिळत नाहीत, पदार्थ केवळ नाहीसा होतो. डबीतून उडालेला कापूर शुद्ध झालेला नसतो, तो गेलेला असतो.

लॅटिनमधील ‘सब्लिमिस’ म्हणजे उंच, वर उचललेले. मध्ययुगातील किमयागारांनी त्यापासून बनलेले क्रियापद भट्टीवरील या क्रियेला लावले. त्याआधी नवव्या-दहाव्या शतकांत अर-राझीसारख्या अरबी-फारसी परंपरेतील वैद्य-रसायनज्ञांनी नवसागर व पारा यांच्यावर ही क्रिया करण्याची साधने वर्णिली होती. ‘अल-उथाल’ हे त्यांच्या एका भांड्याचे नाव लॅटिन ग्रंथांत ‘अलुडेल’ होऊन शिरले. चौदाव्या शतकातील इंग्रज कवी चॉसर याने भोंदू किमयागारांची टवाळी करताना ही संज्ञा वापरली, यावरून ती तोवर सामान्य वाचकांच्या कानावरून गेलेली असावी हे उघड आहे. किमयागाराच्या दृष्टीने ही क्रिया केवळ भौतिक नव्हती. जड द्रव्याचा ‘देह’ खाली टाकून त्याचा ‘आत्मा’ वर जातो, अशी त्याची धारणा होती. म्हणजे या शब्दात आध्यात्मिक अर्थ फ्रॉइडने घातला नाही. भट्टीतून निघालेल्या पहिल्या वाफेबरोबरच तो त्यात मिसळलेला होता.

भारतीय रसशास्त्रातही हेच द्रव्य आणि हेच कौशल्य केंद्रस्थानी होते. पाऱ्यावरील संस्कारांत स्वेदन, मर्दन, मूर्च्छन, उत्थापन यांच्यानंतर ‘पातन’ येते आणि त्याचे ऊर्ध्व, अधः व तिर्यक् असे तीन प्रकार सांगितले आहेत. पाऱ्यातील कथिल व शिसे यांचे दोष जावेत हा त्याचा हेतू. तेराव्या शतकातील ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात अशा यंत्रांची वर्णने आढळतात. डमरूयंत्रात दोन मडकी तोंडाला तोंड लावून सांधतात, खालच्यात हिंगूळ तापवतात आणि वरच्याला ओल्या फडक्याने थंड ठेवतात. पारा वरच्या मडक्याच्या तळाला जमतो. कूपीपक्व रसायनांची कृती याहून विलक्षण आहे. पारा आणि गंधक खलून केलेली काळीभोर कज्जली काचेच्या कुपीत भरतात, कुपीला कापडमातीचे लेप देतात आणि वालुकायंत्रात ती तापवतात. कुपीच्या गळ्याशी लालबुंद रससिंदूर जमतो. काळी कज्जली आणि लाल रससिंदूर ही दोन्ही रासायनिकदृष्ट्या पाऱ्याची सल्फाइडेच आहेत, बदलते ती स्फटिकाची घडण. शिवाय उष्णतेने हे संयुग आधी फुटते, पारा आणि गंधक यांच्या वाफा वेगळ्या होतात आणि गळ्याशी थंडाव्यात पुन्हा एक होतात. नवसागराचेही तसेच असते. जुन्या रसशाळांत ज्यांना या क्रियेचे नमुनेदार उदाहरण मानले गेले ती द्रव्ये आजच्या काटेकोर व्याख्येनुसार नुसती वर चढत नाहीत, ती मोडतात आणि नव्याने जुळतात. मनाच्या बाबतीत हे रूपक कितपत जुळते याचा विचार करताना हा तपशील उपयोगी पडतो.

एकोणिसाव्या शतकापर्यंत या शब्दाचे दैनंदिन स्थान रुग्णालयात पक्के झाले होते. पाऱ्याच्या एका जहाल क्लोराइडला युरोपात ‘सब्लिमेट’ याच नावाने ओळखत. १८८१ साली रोबर्ट कोख याने त्याची जंतुनाशक शक्ती दाखवल्यावर शस्त्रक्रियागृहांत त्याचा वापर वाढला. त्याआधी शतकानुशतके पाऱ्याची संयुगे उपदंशावर दिली जात होती. हिंदुस्थानात तो रोग पोर्तुगीजांच्या आगमनानंतर ‘फिरंगरोग’ म्हणून नोंदला गेला आणि सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथाने त्यावर रसकर्पूर सांगितला. कामवासनेतून आलेल्या व्याधीवर वर चढवलेल्या पाऱ्याचे औषध, हा योग पुढे मानसशास्त्राने जे रूपक योजले त्याची जणू पूर्वछाया वाटावा असा आहे. व्हिएन्नाच्या रुग्णालयांत वावरलेल्या तरुण फ्रॉइडच्या कानाला हा शब्द कवितेतला नव्हता, औषधाच्या कपाटातला होता.

मनाच्या प्रांतात तो ठामपणे आणण्याचे श्रेय फ्रॉइडच्या आधी नीत्शेला द्यावे लागते. १८७८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मानवी, अतिमानवी’ या ग्रंथाच्या पहिल्याच परिच्छेदाला त्याने कल्पनांचे आणि संवेदनांचे रसायन असे नाव दिले आहे. निःस्वार्थ कृती आणि अलिप्त चिंतन ही स्वार्थाच्या विरुद्ध टोकाची, स्वयंभू तत्त्वे नसून त्याचीच संप्लुत रूपे आहेत, मूळ द्रव्य त्यांत जवळजवळ उडून गेल्यासारखे वाटते आणि केवळ सूक्ष्म निरीक्षकाला सापडते, असा त्याचा आशय होता. येथे प्रशंसेचा सूर नाही. उच्च मानल्या गेलेल्या गोष्टींचे मूळ हीन मानल्या गेलेल्या गोष्टींत शोधणारी ती एक प्रकारची रासायनिक चाचणी होती.

फ्रॉइडने १८९७ मध्ये फ्लीस या मित्राला लिहिलेल्या पत्रात हा शब्द वापरला आणि १९०५ च्या लैंगिकतेवरील तीन निबंधांत त्याला सिद्धान्ताचे स्थान दिले. लैंगिक प्रेरणेचे उद्दिष्ट आणि विषय बदलून तीच ऊर्जा सांस्कृतिक कार्याकडे वळते, ही त्याची मूळ मांडणी. १९१४ साली त्याने उदात्तीकरण आणि आदर्शीकरण यांत भेद केला. पहिल्यात प्रेरणेच्या दिशेला काहीतरी घडते, तर दुसऱ्यात केवळ प्रेमविषय मनात मोठा केला जातो. आदर्शाची पूजा करणाऱ्याने स्वतःच्या वासनेचे उदात्तीकरण साधलेले असते असे मुळीच नाही, हा त्यातील इशारा. १९१५ साली त्याने लिहिलेल्या बारा सैद्धान्तिक निबंधांपैकी सात हरवले. त्यांत एक उदात्तीकरणावर असावा असा त्याच्या संपादकांचा तर्क आहे. त्यामुळे ही संकल्पना सर्वत्र उल्लेखिली गेली तरी तिची सविस्तर मांडणी तिच्या जनकाकडून मिळालीच नाही.

फ्रॉइडच्या मांडणीचा जो भाग भारतात फारसा वाचला गेला नाही, तो १९०८ च्या सुसंस्कृत लैंगिक नीतीवरील निबंधात आहे. उदात्तीकरण थोड्यांनाच साधते, त्यांनाही अधूनमधून साधते आणि तारुण्याच्या ऐन भरात तर सर्वांत कमी साधते, असे त्याने तेथे बजावले. यंत्रात सगळ्या उष्णतेचे कार्यात रूपांतर होत नाही, तसेच येथेही होणार नाही, हा त्याचा दृष्टान्त होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेत क्लार्क विद्यापीठातील व्याख्यानांचा शेवट त्याने एका लोककथेने केला. श्चिल्डा गावच्या लोकांचा घोडा बळकट होता, पण त्याचा दाणा महाग पडे. त्यांनी तो रोज थोडाथोडा कमी केला आणि ज्या दिवशी घोड्याला अजिबात खाणे लागू नये त्या दिवशी तो मेलेला आढळला. वासनेचा सगळा दाणा संस्कृतीच्या नावाने काढून घेता येत नाही, हे सांगण्यासाठी फ्रॉइडने शास्त्रीय भाषा सोडून गावठी गोष्टीचा आधार घेतला.

आता मराठी शब्दाकडे वळता येईल. जर्मन भाषेत सौंदर्यमीमांसेतील भव्योदात्ततेसाठी वेगळा शब्द आहे आणि फ्रॉइडने तो घेतला नाही, त्याने प्रयोगशाळेचा शब्द घेतला. मराठी अनुवादाने मात्र नेमके उलट केले. ‘उदात्त’ हा पाणिनीच्या व्याकरणात उंच स्वराचे नाव आहे. आधुनिक मराठी समीक्षेत तो लाँजायनसच्या भव्योदात्ताचा पर्याय झाला आणि नित्याच्या बोलण्यात थोर, पवित्र, अनुकरणीय असा त्याचा अर्थ रुळला. ‘उदात्तीकरण’ म्हणताच भट्टी, कुपी, तळाशी राहिलेला मळ हे सारे नजरेआड होते आणि उरते ती नैतिक प्रशंसा. जे फ्रॉइडच्या लेखी एका प्रक्रियेचे वर्णन होते, ते मराठीत सहज उपदेशासारखे ऐकू येऊ लागले.

याला भारतीय शब्दसृष्टीची एक जुनी वळणेही कारणीभूत आहेत. युरोपात रसायन आणि मन यांच्यातील पूल रूपकाने बांधावा लागला. संस्कृतात तो शब्दांतच तयार होता. ‘रस’ म्हणजे पारा, ‘रस’ म्हणजे आहारापासून बनणारा शरीराचा पहिला धातू आणि ‘रस’ म्हणजे काव्यनाट्याचा आस्वाद. ‘धातू’ म्हणजे तांबे-लोखंड आणि देह धारण करणारे सात घटकही. आयुर्वेदाच्या परंपरेत रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शेवटी शुक्र अशी ही साखळी एकेका पायरीने शुद्ध होत जाते. योगपरंपरेने त्यापुढे ‘ऊर्ध्वरेता’ ही कल्पना जोडली. वीर्याचे रक्षण केले की ते वर चढून ओज होते. रसशाळेतील ऊर्ध्वपातन आणि योग्याचे ऊर्ध्वरेतत्व यांत ‘ऊर्ध्व’ हा शब्द सारखा आहे हा योगायोग नव्हे. दोहोंच्या मागे वर म्हणजे शुद्ध हीच धारणा आहे. फरक एवढाच की युरोपीय मानसशास्त्रज्ञाला आपण रूपक वापरत आहोत हे ठाऊक होते. येथे मात्र रूपक शरीरशास्त्र म्हणून स्वीकारले गेले.

साहित्यविचारात या एकरूपतेने समृद्धीच आणली. भरताने रसनिष्पत्ती सांगताना पाकसिद्धीचा दृष्टान्त घेतला, ॲरिस्टॉटलच्या शोकात्मिकेच्या विवेचनात वैद्याचे विरेचन आले आणि फ्रॉइडने रसायनाची भट्टी आणली. कलेत भावनेचे जे होते ते सांगण्यासाठी तीन परंपरांनी स्वयंपाकघर, दवाखाना आणि प्रयोगशाळा या तीन जागा निवडल्या. अभिनवगुप्ताच्या साधारणीकरणात व्यक्तीचा शोक ‘माझा’ किंवा ‘त्याचा’ न राहता आस्वाद्य होतो. फ्रॉइडच्या विचाराशी त्याचे नाते जवळचे वाटले तरी एक भेद मूलभूत आहे. अभिनवगुप्ताचा प्रश्न प्रेक्षकाचा आहे, तर फ्रॉइडचा निर्मात्याचा. मराठीत के. ना. वाटवे यांनी ‘रसविमर्श’ (१९४२) या ग्रंथात रससिद्धान्त आधुनिक मानसशास्त्राच्या साह्याने तपासला, तेव्हा या दोन भाषांचा संवाद घडवण्याचा एक पद्धतशीर प्रयत्न झाला.

जीवनाच्या व्यवहारात मात्र हाच संवाद कठोर झाला. महात्मा गांधींनी १९०६ मध्ये ब्रह्मचर्याचे व्रत घेतले आणि संयमाने राखलेली जीवनशक्ती सेवेच्या उच्च शक्तीत पालटते असे ते पुढे सातत्याने लिहीत राहिले. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर त्यांना वर्ध्यात भेटल्या, तेव्हा संततिनियमनाची साधने की आत्मसंयम हाच वाद दोघांत झाला आणि गांधीजी संयमावर ठाम राहिले. त्यांच्या स्वतःच्या बाबतीत ही साधना प्रामाणिक होती याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न होता तो एका असामान्य माणसाचा मार्ग सर्वांचे कर्तव्य ठरू शकतो काय, हा.

मुंबईत र. धों. कर्वे यांनी याला स्वच्छ नकार दिला. गणिताचे हे प्राध्यापक १९२१ पासून संततिनियमनाचे केंद्र चालवत होते. त्या कार्यापायी त्यांना विल्सन कॉलेजमधील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. ब्रह्मचर्याने शक्ती साठते ही समजूत त्यांनी शरीरशास्त्राच्या आधारे खोडून काढली. अश्लीलतेचे खटले त्यांच्यावर वारंवार झाले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये उभ्या राहिलेल्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली, तरी शिक्षा टळली नाही. कर्वे यांचे वडील धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला होता. वडिलांनी आणि मुलाने दोन वेगळ्या दिशांनी एकाच अन्यायाला हात घातला असे म्हणता येईल. ज्या विधवेला केशवपन करून, एकवेळ जेवून, आयुष्यभर ‘पवित्र’ राहायला सांगितले जाई, तिच्या वाट्याला आलेली ती सक्ती होती. समाज तिला वैराग्य म्हणत होता. १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने आलेल्या ‘कळ्यांचे निःश्वास’ या संग्रहाने एवढी खळबळ माजवली, त्याचे कारणही येथेच सापडते. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या त्यागाला ज्या समाजाने उदात्त म्हटले होते, त्या त्यागाच्या आतली घुसमट मालतीबाई बेडेकरांनी उघड केली. दमनाला उदात्तीकरणाचे वस्त्र चढवता येते, हे मराठी साहित्याने मानसशास्त्राची परिभाषा न वापरता सांगितले.

रूपकाला शरीरशास्त्र मानण्याची दुसरी किंमत पुरुषांनी मोजली आणि तिची शास्त्रीय नोंद करणारे नाव चंदीगढशी जोडलेले आहे. डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये लखनौ येथे असताना ‘धात सिंड्रोम’ ही संज्ञा प्रचारात आणली. १९६३ साली ते चंदीगढच्या स्नातकोत्तर वैद्यकीय संस्थेत आले आणि तेथील मनोविकार विभागाची उभारणी त्यांनी केली. लघवीतून किंवा स्वप्नात ‘धात’ जाते आणि त्यामुळे अशक्तपणा, निद्रानाश, उदासी आली आहे, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या तरुणांचा हा विकार. ‘धात’ हा शब्द अर्थातच ‘धातू’वरून आलेला. तपासणीत शरीरदोष बहुधा सापडत नाही. सापडते ती भीती आणि अपराधाची भावना. रुग्णाची टर न उडवता त्याचे ऐकून घेणे, शरीराची खरी माहिती देणे आणि सोबतच्या चिंतेवर किंवा नैराश्यावर उपचार करणे, हाच त्यावरचा मार्ग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९२ च्या रोगवर्गीकरणात या विकाराचा उल्लेख आला. ही समजूत केवळ भारतीय आहे असे मानणे मात्र चूक ठरेल. स्वित्झर्लंडमधील तिसो या वैद्याने १७६० मध्ये वीर्यनाशाच्या भीतीवर लिहिलेला ग्रंथ युरोपभर वाचला गेला होता. युरोपने ती भीती पुढे मागे टाकली. येथे ती शब्दांच्या मुळांतच रुतलेली असल्याने अधिक काळ टिकली.

उदात्तीकरणाची संकल्पना यामुळे निकामी ठरत नाही. ॲना फ्रॉइड यांनी १९३६ मध्ये ती मनाच्या संरक्षणयंत्रणांत गणली आणि जॉर्ज व्हेलंट यांनी १९७७ च्या ग्रंथात परोपकार, विनोद, पूर्वविचार यांच्याबरोबर तिला परिपक्व यंत्रणांत स्थान दिले. तिचा वापर सावधपणे करावा लागतो एवढेच. फ्रॉइडने १९१० मध्ये लिओनार्दो द विंचीवर लिहिताना त्याच्या बालपणीच्या आठवणीतील पक्षी गिधाड मानला आणि त्यावर मातृदेवतेचा मोठा डोलारा उभारला. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ होता घार. एका चुकीच्या अनुवादाने एका कलावंताच्या वासनेचा इतिहास लिहिला गेला. चंदीगढमध्येही असा मोह पडू शकतो. फाळणीत शकरगढकडचे गाव सोडून आलेल्या नेकचंद यांनी सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करत असताना १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून, नव्या शहरासाठी पाडलेल्या गावांतील फुटक्या बांगड्या, फरशा, भांडी गोळा करून रानात गुपचूप मूर्ती घडवल्या. १९७६ मध्ये ते रॉक गार्डन म्हणून सर्वांसाठी खुले झाले. गमावलेल्या गावाचे दुःख येथे आकाराला आले असे म्हणावेसे वाटते. परंतु कलाकृतीवरून मनाचे निदान करणे घारीला गिधाड म्हणण्याइतके सोपे असते. सांगता येते ते एवढेच की, त्या माणसाला टाकाऊ माल मिळाला, जागा मिळाली आणि अखेरीस, बेकायदा ठरू शकणारे ते काम मोडून न टाकणारे प्रशासनही मिळाले.

हाच मुद्दा रसायन अधिक नेमकेपणाने शिकवते. संप्लवनाला केवळ उष्णता पुरत नाही, वर जमण्यासाठी थंड पृष्ठभाग लागतो. वासनेची धग प्रत्येकात असते. ती कुठे जाऊन जमेल हे पुष्कळदा तिच्या मालकाच्या हाती नसते. हिंगण्याच्या आश्रमात एखाद्या विधवेला पाटी-पेन्सिल मिळाली तेव्हा तिच्या आयुष्याला जमण्याची एक जागा मिळाली. नुसत्या व्रतांनी तिला ती दिली नव्हती. डबी उघडी ठेवून कापराला शुद्ध हो असे सांगण्यात अर्थ नसतो. म्हणून एखाद्याला वासना उदात्त कर असा उपदेश करणाऱ्या समाजाने आधी स्वतःला विचारले पाहिजे की, त्याच्यासाठी शाळा, वाद्य, ग्रंथालय, प्रेमाचा मोकळा अवकाश यांपैकी कोणता पृष्ठभाग आपण तयार ठेवला आहे.

मराठीने या एका शब्दाचे दोन शब्द केले, यात नुकसान आहे तसा लाभही आहे. नुकसान असे की मनाच्या शब्दातून भट्टी हरवली आणि उपदेश शिरला. लाभ असा की देहातील धातू म्हणजे कुपीतील पारा नव्हे, हे समजण्याची सोय झाली. संप्लवन ही द्रव्याची अवस्थांतराची क्रिया आहे, उदात्तीकरण ही मनाच्या उद्दिष्टाची. एकीत पदार्थ तोच राहतो, दुसरीत ध्येय बदलते. तरीही कुपीच्या गळ्याशी लाल झालेली काळी कज्जली पाहिली की दोहोंतील साम्य पुन्हा जाणवते. द्रव्य तेच असते, घडण नवी असते आणि मध्ये एकदा ते पूर्ण मोडून जावे लागते. साहित्याच्या विद्यार्थ्याने हे दोन्ही शब्द हाताशी ठेवावेत. एक दुसऱ्याच्या जागी वापरू नये. आणि ‘उदात्त’ हे विशेषण कोणाच्याही त्यागाला लावण्यापूर्वी तो त्याग करणाऱ्याला पर्याय होता काय, हे तपासून पाहावे.